हळवे कान आणि एक गाणें

रविवारची दुपार. जेवणें आटोपलेलीं आहेत, घरांत सामसूम आहे आणि आजोबांना आपल्या तरुणपणचें एक इंग्रजी गाणें ऐकण्याची लहर आलेली आहे. पूर्वीं त्यांच्यापाशीं या गाण्याची काळी तबकडी होती. आतां लहानशी चकचकीत सीडी आहे. शेजारीं नऊ वर्षांची नात चित्र रंगवीत बसली आहे. गाणें मंद स्वरांत सुरू होतें, म्हणून आजोबा आवाज थोडा चढवितात. दीड-दोन मिनिटें बरीं जातात. पुढें वाद्यांचा गलका वाढूं लागतो, तोंच नात हातांतला ब्रश टाकून दोन्ही कान घट्ट झांकून घेते आणि रडवेल्या सुरांत "बंद करा, बंद करा" म्हणूं लागते. आजोबा रागावतात. एवढ्याशा आवाजानें कोणाचे कान फाटत नाहींत, सवय केली म्हणजे सगळें सहन होतें, असें ते तिला बजावतात. अखेर गाण्याचा शेवटचा सूर विरतो. नात मात्र कानांवरचे हात काढीत नाहीं. ती म्हणते, "आजोबा, ती शिट्टी वाजते आहे ना!" आजोबा कान देऊन ऐकतात, त्यांना कसलाही आवाज येत नाहीं. पोरगी आतां खोटेंही बोलूं लागली, असा त्यांचा ग्रह होतो.

हा प्रसंग कल्पनेंतला आहे. पण ती शिट्टी खरी आहे.

गाण्याचें नांव 'अ डे इन द लाइफ'. 'बीटल्स' या नांवानें जगभर गाजलेल्या चौघां इंग्रज तरुणांनीं तें १९ जानेवारी १९६७ रोजीं लंडनच्या अॅबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहांत मुद्रित करावयास घेतलें, आणि त्याच वर्षीं मे महिन्याच्या अखेरीस 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' या तबकडीवर शेवटचें गाणें म्हणून तें बाहेर पडलें. बी.बी.सी.नें तें आपल्या नभोवाणीवरून ऐकविण्याचें नाकारलें, कारण त्यांत मादक पदार्थांकडे इशारा असल्याचा संशय अधिकाऱ्यांस आला. हरकत होती ती शब्दांस. नादाची चौकशी करण्याचें कोणाच्या मनांत आलें नसावें.

आणि चौकशी करण्याजोगा नाद होता तो! जॉन लेननने रचलेला एक भाग आणि पॉल मॅकार्टनीने रचलेला दुसरा, असे दोन तुकडे जोडून हें गाणें बनलेलें आहे. मधल्या सांध्यांत २४ 'बार'ची जागा प्रथम मोकळी सोडण्यांत आली होती. 'बार' म्हणजे पाश्चात्य संगीतांतील तालाचें एक लहानसें माप. मॅल इव्हान्स नांवाचा त्यांचा सहायक हे बार मोठ्यानें मोजीत गेला आणि मोजणी संपल्याची खूण म्हणून त्यानें गजराचें घड्याळ वाजविलें. ही मोकळी जागा भरण्यासाठीं १० फेब्रुवारी १९६७ रोजीं ४० वादकांचा वाद्यवृंद बोलाविण्यांत आला. संगीत-निर्माता जॉर्ज मार्टिन यानें त्यांना मोठी विलक्षण आज्ञा केली. प्रत्येकानें आपल्या वाद्याच्या अगदीं खालच्या स्वरापासून आरंभ करावयाचा आणि २४ बारांच्या अखेरीस आपल्याला गांठतां येईल त्या सर्वांत वरच्या स्वरावर पोहोंचावयाचें. वाटेंत शेजारच्या वादकाशीं मुळींच जुळवून घ्यावयाचें नाहीं. जन्मभर एकमेकांशीं जुळवून घेण्याचीच शिस्त अंगीं बाणलेल्या त्या प्रतिष्ठित वादकांना हें किती जड गेलें असेल! त्यांतून ते समारंभाचा पोशाख करून आलेले, आणि गंमत म्हणून कोणाच्या चेहऱ्यावर तोतयें नाक बसविलेलें. असो. हें वादन चार वेळां मुद्रित करून एकावर एक चढविण्यांत आलें, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानावर जणूं १६० वादक चालून येतात. गजराचें घड्याळही तसेंच राहिलें. पुढच्या भागांत सकाळीं उठणाऱ्या माणसाचें वर्णन असल्यामुळें तो गजर तेथें शोभूनही दिसला.

हाच चढता कल्लोळ गाण्याच्या शेवटीं पुन्हां एकदां येतो, शिखरावर पोहोंचून एकाएकीं तुटतो, क्षणभर निःशब्दता पसरते, आणि मग अनेक हातांनीं एकाच वेळीं पियानोंवर वाजविलेला एक भारदस्त स्वरसंघ उमटतो. तो विरून जाण्यास चाळीस सेकंदांहून अधिक वेळ लागतो.

या नादांत हळव्या कानास नेमकें काय बोंचतें, हें पाहावयाचें म्हणजे आवाजाचा मोठेपणा आणि त्याचा त्रासदायकपणा या दोन गोष्टी प्रथम निराळ्या केल्या पाहिजेत. आवाज डेसिबेलांत मोजतात. दर १० डेसिबेलांस ध्वनीची शक्ति दसपट होते, कानाला मात्र तो साधारण दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटतो. फार मोठ्या आवाजानें कोणाचेही कान बिघडतात. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं आठवड्यास ४० तास ८० डेसिबेलांची आणि मुलांसाठीं ७५ डेसिबेलांची मर्यादा सुचविली आहे, ती या हानीच्या दृष्टीनें. परंतु आजोबांच्या दिवाणखान्यांतील गाणें कदाचित् त्या मर्यादेच्या आंतच असेल, आणि तरीही नात कळवळली. त्याचें कारण नादाच्या स्वभावांत शोधावें लागतें.

तंबोरा जुळवितांना ज्यांनीं लक्ष देऊन ऐकलें असेल त्यांना ठाऊक आहे कीं जोडीच्या दोन तारा किंचित् विसंगत असल्या म्हणजे त्यांच्या नादांत एक संथ हेलकावा उत्पन्न होतो, आणि तारा मिळाल्या कीं तो नाहींसा होतो. हा हेलकावा संथ असतो तोंवर गोडही लागतो. दोन स्वरांतील अंतर थोडें वाढलें कीं तो इतक्या जलद होतो कीं निराळा मोजतां येत नाहीं. मग नादाला एक खरखरीतपणा येतो. माणसाच्या किंकाळीत आणि धोक्याच्या भोंग्यांत हाच खरखरीतपणा असतो, आणि म्हणूनच ते आवाज दुर्लक्षितां येत नाहींत. शेजाऱ्याशीं न जुळवितां वर सरकणारीं चाळीस वाद्यें, तींही चौपट, म्हणजे असल्या खरखरीत मिश्रणाची खाणच होय. विद्युत्-गिटारचा फाटका सूर आवडीनें वापरणाऱ्या साऱ्या रॉक संगीतांत हा गुण थोडाफार आहेच. या गाण्यांत तो हेतुपूर्वक शिगेला नेला आहे. सामान्य श्रोत्याला त्यांत रोमांच वाटतो. ज्याचा मेंदु प्रत्येक खरखरीत ध्वनीला संकट समजून दाद देतो, त्याला मात्र तें चाळीसपट संकट वाटतें.

पण खरा घाव बसतो तो अचानकपणाचा. मधल्या कानांत तीन इवलीं हाडें आहेत. त्यांपैकीं रिकिबीच्या आकाराच्या हाडाला एक अतिशय बारीक स्नायु जोडलेला आहे. मोठा आवाज आला कीं हा स्नायु आंखडतो आणि हाडाची हालचाल आवरून धरतो. निसर्गानें कानाच्या दारीं बसविलेला हा पहारेकरी होय. याला चालविणारी शिर ही चेहऱ्याला चालविणाऱ्या शिरेचीच शाखा आहे. त्यामुळें ज्यांच्या चेहऱ्याची एक बाजू कांहीं दिवस लुळी पडते, अशा कित्येक रोग्यांना त्या बाजूच्या कानांत साधे आवाजही असह्य मोठे भासतात. मात्र हा पहारेकरी धडधाकट असला तरी त्याला जागें होण्यास थोडा अवधि लागतो. सेकंदाच्या कांहीं शतांशांपासून एक दशांशापर्यंत. शिवाय तो खर्जाच्या आवाजांना चांगला अडवितो, कर्कश आवाजांपुढें त्याचें फारसें चालत नाहीं. वाद्यवृंद हळूहळू चढतो तेव्हां पहारेकरी जागा होतो. त्यानंतर वाजणारा गजर मात्र कर्कश, आणि आरंभ होतांच पूर्ण भरांत!

दचकण्याची क्रिया तर कानाच्याही मागें, मेंदूच्या देठांत होते. तिला विचाराची परवानगी लागत नाहीं. आवाज एकदम उसळला कीं डोळे मिटतात, मान आखडते, काळीज धडधडतें, आणि हें सर्व होऊन गेल्यावर 'अरे, हें तर घड्याळ!' असा उलगडा होतो. तितकाच मोठा आवाज सावकाश वाढत आला तर माणूस दचकत नाहीं. इतकेंच काय, मोठ्या आवाजाच्या किंचित् आधीं एखादा बारीक आवाज झाला तरी दचका कमी होतो. 'पिंक फ्लॉइड' या दुसऱ्या इंग्रज मंडळाचें १९७३ सालचें 'टाइम' हें गाणें या बाबतींत अधिकच निष्ठुर आहे. जुन्या घड्याळांच्या एका दुकानांत जाऊन अॅलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकानें एकेक घड्याळ निराळें मुद्रित केलें होतें. गाण्याच्या आरंभीं नुसती मंद टिकटिक ऐकूं येते, श्रोता ती नीट ऐकूं यावी म्हणून पुढें झुकतो, आणि त्याच क्षणीं सगळ्या घड्याळांचे टोले आणि गजर एकदम अंगावर कोसळतात. धट्टाकट्टा माणूसही तेथें दचकतो आणि मग हंसतो. हळव्या कानाच्या माणसाला हंसूं येत नाहीं. त्याचें उरलेलें गाणें, कित्येकदां उरलेला दिवसही, त्या एका क्षणानें नासून जातो.

असे कान कोणाचे असतात? साध्या आवाजानेंही कानाला वेदना होण्याच्या या विकाराला वैद्यकांत 'हायपरॅक्युसिस' म्हणतात. स्फोटाचा आवाज, डोक्याला झालेली इजा, कानांतील सततचा गुणगुणाट यांच्या पाठोपाठ तो कोणालाही जडूं शकतो. अर्धशिशीचा झटका आलेल्या माणसास घरांतलें भांड्याचें वाजणें नको होतें, हें तर बहुतेक घरांना माहीत असतें. कांहींना ठराविकच आवाजांचा, उदाहरणार्थ शेजारच्याच्या मचमच चावण्याचा, अनावर संताप येतो. त्याला २००१ सालापासून 'मिसोफोनिया' असें नांव मिळालें आहे. आणि स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांमाणसांत हें हळवेपण फार आढळतें. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या २०१३ सालच्या पांचव्या आवृत्तींत इंद्रियांच्या या कमी-अधिक संवेदनेचा स्वमग्नतेच्या लक्षणांत समावेश करण्यांत आला. टेंपल ग्रँडिन या स्वमग्न असलेल्या अमेरिकन प्राध्यापिका. पशुविज्ञानांत त्यांनीं मोठें नांव मिळविलें. शाळेची घंटा वाजली म्हणजे दंतवैद्याचें यंत्र दाताच्या शिरेला लागावें तशी वेदना होई, असें त्यांनीं आपल्या बालपणाविषयीं लिहून ठेवलें आहे. शाळेची घंटा! जी घंटा ऐकून बाकीचीं मुलें आनंदानें उड्या मारीत वर्गाबाहेर पडतात, तीच. असल्या मुलाला कान झांकल्याबद्दल बाकावर उभें करणारे शिक्षक सगळ्या देशांत होऊन गेले, आणि त्यांपैकीं बहुतेकांना आपण शिस्त लावीत आहों असेंच वाटत होतें.

आजोबांप्रमाणें कोणी म्हणेल कीं सवयीनें सर्व जमतें. यांत अर्धें सत्य आहे. सामान्य मेंदूला तोच आवाज पुन्हां पुन्हां ऐकविला कीं तो त्याची दखल घेणें कमी करतो. रेल्वेच्या रुळांजवळ राहणारांना गाडी ऐकूं येईनाशी होते ती याच कारणानें. परंतु स्वमग्न मुलांवर केलेल्या संशोधनांत असें आढळलें आहे कीं त्यांच्यांपैकीं कित्येकांच्या मेंदूंत हें बोथट होणें फार संथ चालतें; दहावा आवाजही पहिल्यासारखाच धारदार राहतो. बळेंच ऐकवून तेथें सवय होत नाहीं, भीति मात्र पक्की होते. उलट, आवाजाला भिऊन कानांत सदासर्वदा बोळे घालून वावरणेंही हिताचें नाहीं. कान फार दिवस शांततेंत कोंडला कीं मेंदु आपला कांटा आणखी बारीक करतो आणि पूर्वीं चालणारे आवाजही सोसेनासे होतात. म्हणून या विकाराचे जाणते वैद्य मंद, एकसारखा आवाज थोडा थोडा वेळ ऐकवून रोग्याची सहनशक्ति वाढवितात, आणि बोळे खऱ्याखुऱ्या गोंगाटाच्या जागेपुरते राखून ठेवावयास सांगतात. त्रास एकाएकीं सुरू झाला असेल, एकाच कानाला असेल, किंवा सोबत बहिरेपणा अथवा चक्कर असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडतां कानाच्या डॉक्टरांना गांठावें.

आतां त्या शिट्टीचें. तबकडीच्या अखेरीस, शेवटचा स्वरसंघ विरल्यानंतर, दर सेकंदास सुमारें १५,००० आंदोलनें असलेला एक अतितार सूर घालण्यांत आला. ही कल्पना लेननची. गाणें संपलें असें समजून घरांतील माणसें स्वस्थ बसलेलीं असतां कुत्र्यानें मात्र कान टवकारावे, अशी ती थट्टा होती. कुत्र्याची श्रवणमर्यादा याच्या दुपटीहून अधिक असते. पण थट्टा करणाऱ्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली होती कीं नाहीं, कोण जाणे: लहान मुलांनाही हा सूर ऐकूं येतो. निरोगी मूल २०,००० आंदोलनांपर्यंतचे सूर ऐकूं शकतें. वय वाढतें तसतशी ही मर्यादा वरून उतरत येते, आणि साठीच्या पुढें बहुतेकांना १५,००० आंदोलनांचा सूर ऐकूंच येत नाहीं. जुन्या ग्रामोफोनवर हा सूर नीट वाजतही नसे. १९८७ सालीं सीडी निघाली तेव्हां तो कोरा करकरीत होऊन घरोघरीं आला. म्हणजे एकाच खोलींत, एकाच यंत्रासमोर, आजोबा शांतता ऐकत होते आणि नात शिट्टी ऐकत होती. दोघेंही खरें बोलत होतीं. रुग्णालयांतील नेहमींची श्रवणचांचणीसुद्धां येथें उपयोगी पडत नाहीं, कारण ती बहुधा ८,००० आंदोलनांवरच थांबते. तिच्या कागदावर 'श्रवण ठीक' एवढेंच येतें, आणि मुलाची तक्रार खोटी ठरविण्यास घरच्यांच्या हातीं एक पुरावा मिळतो.

हळवे कान संगीताचे वैरी असतात, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. स्वमग्न माणसांत तंबोऱ्याच्या आधारावांचून स्वर अचूक ओळखणारे सामान्य लोकांपेक्षां अधिक प्रमाणांत आढळतात. याच गाण्याचा शेवटचा स्वरसंघ पाहा. २२ फेब्रुवारी १९६७ रोजीं तो मुद्रित करतांना पियानोचा नाद जसजसा मावळूं लागला, तसतसा ध्वनिमुद्रकानें यंत्राचा कांटा वर वर सरकविला, जेणेंकरून शेवटची धुगधुगीही निसटूं नये. कांटा इतका वर गेला कीं खोलींतील कोणाच्या खुर्चीची करकर त्यांत सांपडली आहे. बहुतेक श्रोत्यांना ती कधींच ऐकूं आलेली नाहीं. गजराला भिणाऱ्या कानाला ती पहिल्याच वेळीं ऐकूं येते, आणि मावळत्या नादाच्या मागोमाग तो शेवटच्या कणापर्यंत जाऊं शकतो. त्याला गाण्यापासून दूर ठेवणें हा त्याच्यावर दुसरा अन्याय होय. पाश्चात्य नाट्यगृहांनीं हें जाणलें आहे. २०११ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द लायन किंग' या संगीतनाटकाचा एक प्रयोग स्वमग्न प्रेक्षकांसाठीं मुद्दाम करण्यांत आला. त्यांत कर्कश आवाज व झगझगीत दिवे सौम्य केले होते, आणि मध्येंच उठून जाण्यास कोणाला मज्जाव नव्हता. गाणीं तींच, नट तेच.

घरीं तर याहून सोपें आहे. या गाण्यांत मंद आणि तीव्र यांतील अंतर फार मोठें. म्हणून आरंभींचा मंद सूर ऐकूं यावा यासाठीं आवाज चढविणें हीच पहिली चूक. कल्लोळाच्या बेतानें आवाज ठरवावा आणि आरंभ थोडा हळू ऐकूं आला तरी चालवून घ्यावें. गजर केव्हां येणार हें आधीं सांगावें. ठाऊक असलेला आवाज दचकवीत नाहीं, निदान तितका नाहीं. आणि सर्वांत मोठी गोष्ट, आवाजाची कळ ज्याचे कान हळवे त्याच्या हातीं द्यावी. वेदनेपेक्षांही 'ही थांबविणें आपल्या हातीं नाहीं' ही भावना माणसाला अधिक घाबरवितें, आणि कळ हातीं असली कीं कित्येकदां ती फिरविण्याची गरजही पडत नाहीं.

पुढच्या रविवारीं आजोबा तेंच गाणें पुन्हां लावतात. या वेळीं दूरनियंत्रक नातीच्या मांडीवर आहे. कल्लोळ चढूं लागतो तशी ती आवाज दोन घरें उतरविते. आजोबा बोटांवर मोजून गजराची खूण करतात आणि ती डोळे किलकिले करून तो ऐकून घेते. शेवटचा स्वरसंघ उमटतो तेव्हां ती आपण होऊन आवाज वाढवीत नेते. "आजोबा, खुर्ची वाजली," ती हळूच म्हणते. आजोबांना कांहीं ऐकूं आलेलें नसतें. मग ती आवाज अगदीं खालीं आणते आणि बोट वर करून बसते. शिट्टी चालू असेपर्यंत बोट वर राहतें. या शिट्टीमागून तबकडीच्या शेवटच्या खांचेंतील निरर्थक बडबड येते, तीही बीटल्सचीच थट्टा. ती बारीक बडबड कानीं पडते तेव्हां आजोबांना कळतें कीं शिट्टी होऊन गेली. नातीचें बोट त्याच्या क्षणभर आधींच खालीं आलेलें असतें.